ओझे कोण उचलते? : वऱ्हाडातील प्रवासाच्या सामानाचा धावता इतिहास

१

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत दोन सुरांत उच्चारली जाते. कधी तिच्यात कौतुक असते : याला कशाचा पाश नाही, उचलली वळकटी की निघाला. कधी तीच म्हण हेटाळणीने येते : याला ना घर ना दार, आज इथे तर उद्या तिथे. शब्द तेच असतात आणि वर्णिलेली अवस्थाही तीच असते; मग निवाडा का बदलतो? संन्याशाच्या खांद्यावरची झोळी आपल्याला अपरिग्रहाची खूण वाटते आणि भटक्याच्या पाठीवरचे गाठोडे पाहून गावचा पाटील चौकीवर वर्दी देतो. सामानाचे वजन दोघांचेही सारखेच भरेल. फरक पडतो तो सामान वाहणाऱ्याच्या सामाजिक स्थानाने.

आजकाल कमी सामानात प्रवास कसा करावा याविषयी पुष्कळ उपदेश ऐकू येतो. कपड्यांच्या घड्या न घालता गुंडाळ्या कराव्यात, दोनच जोड घ्यावेत, साबणाची वडी अर्धीच न्यावी, इत्यादी. विमानाच्या तिकिटावर किलोंचा हिशेब छापलेला असल्याने या उपदेशाला व्यावहारिक धारही आली आहे. तो चुकीचा आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. परंतु त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते तपासले पाहिजे. हे गृहीतक असे की जे आपण घरी ठेवून जातो ते वाटेत मिळेल : पाणी मिळेल, अंथरूण मिळेल, शिजलेले अन्न मिळेल, पैसे देताच दार उघडेल. थोडक्यात, वाट आपली आहे. ही खात्री या प्रदेशात कोणाला, कधी आणि कोणत्या किमतीला लाभली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी यवतमाळ जिल्हा आणि त्याच्या आजूबाजूचा वऱ्हाड-मराठवाडा-वर्धा हा टापू आम्ही निवडला आहे. याच वाटांवरून झोळीवाले, तांडेवाले, विळेवाले आणि कोयतेवाले असे नाना प्रकारचे प्रवासी गेलेले आहेत.

२

मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून आपण शिकवतो तो ‘लीळाचरित्र’ हा मुळात एका चालत्या माणसाचा ग्रंथ आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी वऱ्हाड आणि गोदाकाठ पायांखाली घातला. त्यांचे गुरू गोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला राहिले आणि अनुयायांची ये-जा त्या दोन ध्रुवांमध्ये चालू राहिली. ‘अटन’ हा महानुभावांच्या आचारधर्माचा पारिभाषिक शब्द आहे. साधकाने एका ठिकाणी मुळे रोवू नयेत, वस्तीच्या टोकाला झाडाखाली राहावे, भिक्षा मागून खावे, रुचीची निवड करू नये, अशी शिकवण सूत्रांमधून पुनःपुन्हा येते. सामानाच्या दृष्टीने पाहिले तर झोळी, अंगावरचे वस्त्र आणि फार झाले तर एखादे पांघरूण, एवढ्यात सगळे आवरते.

आपण वर्गात या अपरिग्रहाचे वर्णन करून पुढे जातो. पण लीळा बारकाईने वाचल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. भिक्षेच्या प्रत्येक प्रसंगामागे एक घर आहे, त्या घरात दळणारी, रांधणारी बाई आहे, आणि ती वाढते म्हणून साधक हलका राहू शकतो. झोळी रिकामी ठेवायची तर गावोगावच्या उतरंडी भरलेल्या असाव्या लागतात. चक्रधरांना या ऋणाची जाणीव होती असे मानायला जागा आहे. भिक्षेला इतकी बंधने घातली गेली ती साधकाचा अहंकार मोडण्यासाठी तर होतीच, पण देणाऱ्यावर भार पडू नये यासाठीही होती, असा अर्थ त्या नियमांतून सहज निघतो. हलकेपणाची किंमत कोणीतरी मोजतो आणि ती कमीत कमी राहावी, हा विचार मराठीत इतका जुना आहे.

याच परंपरेत सामानाविषयी एक विलक्षण आठवण जपलेली आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीच्या काळात लुटीत गेली आणि मग ती ज्यांना मुखोद्गत होती अशा अनुयायांच्या, विशेषतः हिराइसेच्या, स्मरणातून पुन्हा उभी केली गेली, असे पंथीय परंपरा सांगते. पोथी बांधून नेता येते म्हणूनच ती लुटताही येते. पाठांतराला ना वजन ना जकात. पण इथेही ओझे नाहीसे झाले असे म्हणता येत नाही, ते फक्त एका बाईच्या स्मृतीवर गेले. पुढे पाठभेदांची जी चर्चा आपण करतो, तिच्या मुळाशी सामान सोडून निघालेल्या लोकांची ही धावपळ आहे, एवढे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

३

झोळीच्या अगदी उलट टोकाला तांडा आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड या तालुक्यांत आज ज्या वस्त्यांच्या नावात ‘तांडा’ हा शब्द आहे, त्या वस्त्या एके काळी चालत्या होत्या. आज स्थिर वस्तीला लागलेला हा शब्द मुळात बैलांच्या काफिल्याचा आहे.

बंजारा किंवा गोर समाजाचा जुना व्यवसाय ‘लदेणी’चा. धान्य, मीठ आणि इतर माल बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोहोचवायचा. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात जो तांडा भेटला त्यात त्याच्या नोंदीनुसार १४,००० बैल धान्याने लादलेले होते. बायकामुले, म्हातारेकोतारे, संसार सगळा बरोबर. आणि दिवसाची मजल फार तर सहा-सात मैलांची. दख्खनच्या मोहिमांत फौजांना दाणागोटा पुरवण्याचे काम याच बैलांनी केले. १८०३ च्या अखेरीस आर्थर वेलस्लीने वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे लढाया जिंकल्या. त्याच्या पत्रव्यवहारात बंजारांच्या धान्याची चिंता वारंवार येते, कारण तांडा वेळेवर पोहोचला नाही तर फौज जागची हलू शकत नव्हती.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. तांड्याच्या बैलांवर जे ओझे होते ते बहुतांशी दुसऱ्याच्या पोटासाठी होते. बाजार, सरदार, फौज यांचे ते सामान. तांड्याचे स्वतःचे घर मात्र शक्य तितके हलके केलेले असे. जे मोलाचे ते अंगावर घालायचे, हा त्यावरचा उपाय. गोर स्त्रीची फेटिया आणि कांचळी, त्यांवर जडवलेल्या कवड्या, आरसे, नाणी, हातभर बलिया, केसांतली जड घुगरी-टोपली, यांचे वर्णन करताना आपले ललित लेखक ‘रंगीबेरंगी’ या शब्दापलीकडे फारसे जात नाहीत. वास्तविक ही तिची पेटी आहे, तिजोरी आहे आणि वंशावळही आहे. ज्या घराला भिंत नाही त्या घराने कोनाडे कोठे करावेत? त्याने ते अंगाखांद्यावर केले. सौंदर्यदृष्टी त्यात आहेच, पण गरज आधी आणि नक्षी मागून, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था मोडली. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली. सहा-सात मैलांची मजल मारणाऱ्या बैलाने आगगाडीशी स्पर्धा करणे अशक्यच होते. लदेणी बसली. त्यापाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणे हाच संशयाचा पुरावा ठरू लागला आणि काही भागांतील बंजारांनाही त्याची झळ लागली. हा कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त आजही त्या वर्षाचा उल्लेख मुक्तीचे वर्ष म्हणून करतात. कालपर्यंत ज्यांच्या चालण्यावर फौजा जगत होत्या, त्यांच्या चालण्याची हजेरी आता पोलीस ठेवू लागले. आरंभी ज्या म्हणीचा उल्लेख केला तिच्यातील हेटाळणीचा सूर केवळ गावकुसातला नव्हता, कायद्याचेही बळ त्याला मिळाले होते.

तांडा थांबला, शेतीला लागला. पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही या स्थिरावण्याची उजळ बाजू. तिची दुसरी बाजू आपण पुढे पाहणार आहोत.

४

१९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद त्यात आले. त्याच सुमारास यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंद मापाचा लोहमार्ग घातला गेला. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीचा हा उद्योग कापूस मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी होता. लोकांनी पुढे त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हणायला सुरुवात केली आणि ती त्याच नावाने प्रसिद्ध झाली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती गाडी बंद आहे.

प्रवासाच्या बांधाबांधीचा इतिहास लिहायचा तर या जिल्ह्यात सर्वांत शास्त्रशुद्ध बांधाबांध माणसाच्या सामानाची कधीच झाली नाही. ती झाली कापसाची. कापूस वजनाला हलका, पण आकाराला अफाट. एक क्विंटल कापूस बैलगाडीत भरायचा तर गाडी डोंगराएवढी दिसते. असा माल सातासमुद्रापार नेणे जहाज कंपन्यांना परवडणारे नव्हते. म्हणून आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी करायची आणि मग प्रेसमध्ये रुई दाबून तिची गठाण बांधायची. आज एका गठाणीचे प्रमाण वजन १७० किलो धरतात. वऱ्हाडातील गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या म्हणजे एका अर्थी बांधाबांधीचे कारखानेच होते. पोलादी पट्ट्यांनी आवळलेली ती गठाण मुंबईमार्गे लँकेशायरला विनाअडथळा जाई. तिला वाटेत कोणी जात विचारत नसे, तिची हजेरी पोलीस चौकीत लागत नसे, आणि तिला जागा मिळावी म्हणून सरकार व कंपनी लोहमार्ग घालून देत. ज्या शेतकऱ्याने ती रुई पिकवली त्याला मात्र त्याच गाडीत खाली गाठोडे मांडून बसावे लागे. कोणाच्या प्रवासासाठी वाट सोपी केली जाते, हे त्या रुळांच्या अरुंदपणातही वाचता येते.

आणि वाट सर्वांना सारखी नसते याचा सर्वांत हृदयद्रावक दाखला मराठी मुलखातच नोंदवला गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर पुस्तिकेत १९०१ च्या सुमाराची हकीकत आहे. दहा वर्षांच्या आसपासचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या ठिकाणी निघाले. नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या, बरोबर भरपूर खाणे. आज ज्याला नीट तयारी म्हणतात ती सगळी झालेली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार, या बोलीवर. रात्र झाली. डब्यात अन्न होते, पण प्यायला पाणी नव्हते. आणि वाटेतल्या जकात नाक्यावरही पाणी मिळाले नाही. अन्न असून मुले उपाशी निजली.

सामानाविषयीच्या कोणत्याही उपदेशाला हा प्रसंग उत्तर देतो. त्या मुलांनी काय बरोबर घ्यायला हवे होते? विहीर तर गाठोड्यात बांधता येत नाही. ज्याला वाटेवरच्या पाणवठ्याचा भरवसा नाही त्याने कितीही सामान घेतले तरी ते कमीच, आणि ज्याला तो आहे त्याला तांब्याही पुष्कळ.

५

या पार्श्वभूमीवर आधुनिक काळात जाणीवपूर्वक हलके झालेल्या तीन प्रवाशांकडे पाहणे उद्बोधक ठरते. तिघांचाही या टापूशी संबंध आहे.

पहिले गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट समाजात जन्म. १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि खराटा, आणि खाण्यापिण्यासाठी एक गाडगे, ज्यावरून लोकांनी त्यांना नावही दिले. महाराष्ट्रात याहून कमी सामानात कोणी इतका प्रवास केला असेल असे वाटत नाही. पण त्यांच्या सामानात खराटा आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गावात शिरल्यावर आधी गाव झाडायचे, मग भाकर. आपल्या हलकेपणाचा भार गावावर पडतो, तो आपण श्रमाने फेडला पाहिजे, हा हिशेब त्यांनी कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता मांडला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याच्याकडे स्वतःचे अंथरूण नव्हते त्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलांचा प्रसंग आणि ही धर्मशाळा या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर गाडगेबाबांच्या कार्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. गरीब यात्रेकरूला सामान कमी करा असा उपदेश करण्याऐवजी त्यांनी सामानाची गरजच कमी होईल अशी वाट बांधली.

दुसरे गांधीजी. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेल्या दांडीयात्रेत प्रत्येकाने आपले अंथरूण स्वतः न्यावे आणि गावकऱ्यांनी साध्या अन्नापलीकडे काही करू नये, असा दंडक होता. तरीही वाटेत थाटमाट वाढू लागला. २९ मार्चला भटगाम येथील भाषणात गांधीजींनी आपल्याच माणसांची, आणि स्वतःचीही, जाहीर झडती घेतली. दोन गोष्टी त्यांना विशेष खुपल्या : सुरतेहून मोटारीने मागवलेले दूध, आणि यात्रेकरूंना उजेड मिळावा म्हणून एका गरीब मजुराच्या डोक्यावर दिलेला जड किटसन दिवा. मीठ उचलायला निघालेल्या साध्या माणसांच्या पुढे एक माणूस ओझ्याखाली धावत होता, आणि ते गांधीजींनी पाहिले. भारतीय राजकारणात साधेपणाची इतकी परखड तपासणी क्वचितच झाली असेल. साधेपणाचा खर्च कोणाच्या डोक्यावर पडला, हा प्रश्न त्या सभेत त्यांनी विचारला आणि तो आजही लागू आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, १० जुलै १९३० रोजी, पुसदला जंगल सत्याग्रह झाला. त्याचे नेतृत्व मूळचे वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी केले. वऱ्हाडला समुद्र नाही, मीठ कोठून उचलणार? तेव्हा राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापायचे ठरले. दांडीच्या यात्रेकरूने मूठ रिकामी नेली; पुसदच्या सत्याग्रहीने विळा नेला. शेतकऱ्याच्या घरातली रोजची वस्तू त्या दिवशी कायदेभंगाचे साधन झाली, आणि पुढच्या मुक्कामाची, म्हणजे तुरुंगाची, तयारी सरकारने करून ठेवली होती. तुरुंगात जाणारा प्रवासी सर्वांत हलका असतो, कारण त्याचे सगळेच दाराशी काढून घेतात.

तिसरे विनोबा. मार्च १९५१ मध्ये वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला त्यांनी पायी जायचे ठरवले. सुमारे ३०० मैलांची ही वाट वर्धा आणि आदिलाबाद यांच्या मधला यवतमाळचा मुलूख ओलांडून जाते. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झाले. त्यानंतर सुमारे १३ वर्षे विनोबा चालत होते. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात निघायचे, गाव यायचे, सभा व्हायची, जमिनीचे दानपत्र लिहिले जायचे. या प्रवासाचे नवल असे की प्रवासी जितका रिकामा, तितके त्याला मागता आले. स्वतःसाठी काही उचलायचेच नाही हे दिसत असल्याने लोकांनी एकर दिले. दानपत्रांवरील पुष्कळ जमीन प्रत्यक्षात वाटली गेली नाही किंवा कसण्यालायक नव्हती, ही टीका रास्तच आहे. तिचे कारणही आमच्या विषयाला धरून आहे. दानपत्र हलके असते, जमीन हलवता येत नाही, आणि वाटपाचे जड काम यात्रा पुढे गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या खांद्यावर पडले.

६

आता तांड्याकडे परत येऊ. पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या बाजूच्या अनेक तांड्यांतून आजही दिवाळीच्या मागेपुढे माणसे बाहेर पडतात : ऊसतोडीला, वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामांवर. टेम्पो वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय चढते? ज्वारी-बाजरीचे पोते, भांडी, चुलीपुरते सरपण, ताडपत्री, गोधड्या, पाण्याचा ड्रम, कधी शेळी, कधी कोंबड्या, आणि लहान मुले. म्हणजे सगळे घर. फडावर निवारा मिळणार नाही, पाणी दूर असेल, किराणा उधारीवर महाग मिळेल, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून सामान जड होते. लदेणीच्या काळात या लोकांनी जगाचा माल वाहिला आणि स्वतःचे घर हलके ठेवले. आता त्यांचे घरच त्यांचे ओझे झाले आहे.

या व्यवहाराची भाषा पाहण्यासारखी आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम विचारतो, किती कोयते आणले? माणसाची मोजणी त्याच्या सामानातल्या एका वस्तूने होते आणि दोन माणसे मिळून ती एक वस्तू होते. हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतली जाते तिला ‘उचल’ म्हणतात. प्रवासाला निघण्यापूर्वीच या माणसाने एक ओझे उचललेले असते. ते पिशवीत दिसत नाही, त्याला वजनकाटा लागत नाही, आणि ते उतरेपर्यंत परतीची वाट मोकळी होत नाही. भाषेने हा शब्द किती अचूक ठेवला आहे! पुसदच्या जंगलात विळा स्वातंत्र्याची खूण झाला होता. त्याच मातीतल्या माणसाच्या हातातला कोयता आज त्याच्या बांधिलकीची खूण आहे. लोखंड तेच, फरक आहे तो कोण कोणासाठी कापतो याचा.

७

मराठीच्या अभ्यासकांनी यातून काय घ्यावे? प्रवासवर्णन हा प्रकार शिकवताना आपण निसर्गचित्रण, व्यक्तिचित्रण, शैली आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व असे ठरीव मुद्दे घेतो. त्यांत एका मुद्द्याची भर घालावी : सामान. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवण्यासाठी. बंडाच्या धामधुमीत ती लुटली गेली, आणि ‘माझा प्रवास’ या वृत्तान्ताच्या अखेरीस ते परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. हे पुस्तक पैशाच्या ओझ्याकडून पाण्याच्या ओझ्याकडे झालेला प्रवास म्हणून वाचले तर त्याची सगळी रचना वेगळी दिसू लागते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) घ्या. तेथे गाढवाच्या पाठीवरचा संसार हे वर्णनाचे निमित्त नसून निवेदनाचा कणाच आहे. आत्माराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाचे शीर्षकच एका चालत्या घराचे नाव आहे. या पुस्तकांना आपण ‘दलित’ आणि ‘भटक्या-विमुक्तांची आत्मकथने’ या कप्प्यांत ठेवतो आणि ‘प्रवासवर्णन’ या कप्प्यात मात्र बोटीने व विमानाने युरोप पाहून आलेल्यांना जागा देतो. ही वाटणी कोणी केली? जे आयुष्यभर चालले त्यांचे प्रवासवर्णन होत नाही आणि जे महिनाभर हिंडून आले त्यांचे होते, यामागे वाङ्मयीन निकष थोडा आणि विंचवाच्या म्हणीतला जुना निवाडा अधिक आहे, असे आमचे मत आहे.

वारीचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे वाटते. वारकरी टाळ, पताका आणि तुळस घेऊन चालतो तेव्हा तो हलका दिसतो. दिंडीची अंथरुणे, शिधा आणि भांडी मागून ट्रकमधून येत असतात. परंतु तो ट्रक दिंडीचा असतो, त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून दिलेला असतो आणि पुढे चालणारा मुक्कामाला पोहोचल्यावर मागच्याच्या पालाचे दोर ओढू लागतो. ओझे तेथे लपवलेले नाही, वाटून घेतलेले आहे. हलक्या प्रवासाचा जो काही नैतिक आदर्श मराठी समाजाला सांगता येईल तो याच्या जवळपासचा असावा. सामान किती कमी केले हा प्रश्न घरातला आहे, पेटी भरताना सुटणारा. उरलेले कोणाच्या डोक्यावर गेले, त्याला त्याचे मोल मिळाले का, आणि वाटेत पाणी सर्वांना मिळाले का, हे प्रश्न रस्त्यावरचे आहेत. प्रवासाचे कोणतेही पुस्तक यापुढे हाती घेताना विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रश्नाबरोबर हे तीनही विचारावेत. उत्तरे बहुधा मजकुरात थेट सापडणार नाहीत. ती एखाद्या हमालाच्या, गाडीवानाच्या, वाढणाऱ्या बाईच्या ओझरत्या उल्लेखात, अर्ध्या ओळीत असतात. ती अर्धी ओळ शोधण्याचे काम आपले आहे.